दुहेरी दोरा

"जायाचं ते गेलं वर. हे एक काहून टेबल अडवून राहिलं?" मला फडक्यानं पुसता पुसता प्रयोगशाळेतले प्रेमदासमामा पुटपुटले.

मित्रांनो, मी एक मागे राहिलेला उपग्रह आहे. चहाच्या डब्याएवढा. गोरेगावजवळच्या या कॉलेजात आम्ही जुळे भाऊ घडलो. हलवणं, तापवणं, गारठवणं या चाचण्या आधी माझ्यावर झाल्या. मी टिकलो, म्हणून तो गेला.

रॉकेट काही त्याच्यासाठी सुटलं नव्हतं. ते एका मोठ्या उपग्रहाचं. वारंगा फाट्यावर भरल्या जीपमध्ये मागं कुणाला कोंबावं, तशी उरल्या जागेत आमच्यासारखी लहानगी. मोठ्याला धक्का नको, म्हणून वाटेत गप्प राहायचं आणि अंग आवरून बसायचं. आमचा अँटेना दुमडून दोऱ्यानं बांधतात. वर सुटं झाल्यावर एक तार तापते, दोरा जळतो, अँटेना उघडतो. मगच आवाज फुटतो.

दोरा बांधायला आम्हाला घडवणाऱ्या पोरांतल्या शितलनं आपल्या याडीला, म्हणजे आईला, रूपाबाईंना, तांड्यावरून आणलं. कापडावर आरसे टाचून त्यांची बोटं तयार झालेली. माझा दोरा एकेरी होता. दर चाचणीत जळून सुटला. भावाला रॉकेटवर न्यायच्या डब्यात घालायच्या दिवशी मात्र त्यांनी तो दुहेरी घेतला.

"लेकरू लांब चाललंय. धक्के लई बसतेत. वाटंतच सुटाया नको."

आम्हाला घडवून घेणाऱ्या शिवकन्या मॅडम कौतुकानं हसल्या. शितलनं फोटो काढला. दुहेरी दोरा माझ्यावर कधी तपासला नव्हता, पण मला विचारतं कोण?

आता भाऊ रोज डोक्यावरून जातो आणि रेडिओत नुसती खरखर येते.

"बॅटरी उतरली असेल," मॅडम म्हणतात.

"ढग हायेत ना," प्रेमदासमामा म्हणतात.

शितल तो फोटो बोटांनी मोठा करून बघते आणि मोबाईल पालथा ठेवते.

मित्रांनो, ज्याला धाडायचं त्याला जपा; पण पुढं त्याला उघडायचंही आहे, हे जपताना विसरू नका.

आज रूपाबाई लेकीचा डबा घेऊन आल्या. भाऊ वरून जात होता. खरखर ऐकत त्या उभ्याच राहिल्या.

"याडी, आज जरा ढग..." शितल म्हणाली.

"ढगाचं नको सांगू, बाई." त्यांनी माझ्यावर हात ठेवला. "दोरा म्या दुहेरी घेतला. एक जळाला आसंल. दुसरा धरून बसलाय."