असलाहून भारी नक्कल

चावडीच्या ओट्यावर विठ्ठलरावानं कंबरेची चंची सोडली, आणि तिच्यातून जे निघालं ते पाहून भगवानरावांच्या तोंडातला विडा जागच्या जागी थांबला.

होन होता. सोन्याचा, पिवळाधमक, करंगळीच्या नखाएवढा. अगदी तसाच होन भगवानरावांनी आत्ताच पोलीस पाटील सुंदररावांच्या पुढ्यात, पंचांच्या देखत, लाल रुमालावर ठेवला होता. रुमालावर आता दोन होन झाले. जुळ्या भावांत निदान एखादा तीळ तरी वेगळा असतो. इथं तेवढीही सोय नव्हती.

भानगड पोळ्याची होती. तेलगावात पोळ्याला वेशीत तोरण बांधायचं आणि ज्याचा बैल ते पहिल्यांदा तोडील, त्याचं घर वर्षभर मोठं. हा मान तीन पिढ्या भगवानरावांच्या दारात होता. त्यांच्या पणजोबानं कुण्या सरदाराच्या थकल्या बैलांना चारापाणी केलं होतं म्हणे, आणि सरदारानं खूश होऊन एक होन आणि तोरणाचा मान दिला होता. होन पुढं एका दुष्काळात ज्वारीपायी गेला. मान राहिला. पण गेल्या पोळ्याला भावकीतल्या विठ्ठलरावाला एकाएकी आठवलं की पणजोबा दोघांचा एकच, आणि थोरली पाती आपली. वेशीतच काठ्या निघाल्या. सुंदररावांनी निकाल दिला, "पुढल्या पोळ्याला जो पुरावा आनील त्याचा मान. तोंडाच्या गोष्टी बास."

पुरावा म्हटल्यावर भगवानरावांना हायसं वाटलं. मराठी चार यत्ता आणि तहसीलच्या ओसरीवर वीस वर्षं, एवढं त्यांचं शिक्षण झालेलं होतं. सन तेराशे चोवीस फसलीच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पंधराच्या आषाढात, आठ दिवस शिळ्या पुणेरी वर्तमानपत्रात त्यांना जाहिरात दिसली:

"प्राचीन सुवर्ण होन! अस्सल होनावरून काढलेली हुबेहूब नक्कल. मोजक्याच प्रती शिल्लक. सोबत कंपनीच्या सही-शिक्क्याचा दाखला. व्ही. पी.ने पंचवीस रुपये कलदार. पसंत न पडल्यास पैसे परत."

दुसरा कोणी 'नक्कल' शब्दाला ठेचकाळला असता. भगवानराव त्याच शब्दावर भाळले. निजाम सरकारच्या राज्यात ज्यानं एकदा जमिनीचा दावा चालवला, त्याला नकलेची किंमत विचारा. असल कागद दफ्तरात पडून राहतो, त्याला उंदीर लागतात. नक्कल फी भरून, शिक्का मारून आपल्या पेटीत येते आणि कोर्टात उभी राहते. तेव्हा कंपनीच्या मुंबईत कुठंतरी होनांचं दफ्तर असणार, त्यात पणजोबाचा होन रुजू असणार, आणि फी भरली की त्याची नक्कल मिळणार, यात शंका घेण्याजोगं त्यांना काही दिसेना. फी जरा जास्त होती. पण कामही सोन्याचं होतं.

पार्सल श्रावणात आलं. सात दिवसांत टपालात पैसे भरून सोडवायचं होतं. पिकं उभी होती आणि घरात निजामी हाली शिक्क्याचे चार रुपये. कंपनीला हवे इंग्रजी कलदार. पैसा होता एकट्या सटवा धनगराकडे, नुकतीच कोकरं विकली होती त्यानं. भगवानरावांनी त्याला चांद्या विकला. कपाळावर चंद्रकोर असलेला हा बैल सहा वर्षं तोरण तोडत आला होता.

"आवं, कावून इकला चांद्या?" त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, दाव्याचं रिकामं टोक हातात धरून विचारलं.

"तुला न्हाई कळायचं. मान आधी साबीत व्हाया पायजे. बैल काय, कोनताबी लावता येतो."

"मंग तोरन कागद तोडनार हाय का?"

भगवानराव गडबडीनं आंघोळीला गेले.

आणि आता हा रुमाल.

"कुठून आनला बे?" भगवानरावांनी रुमालावरची नजर न काढता विचारलं.

"तुमी कुठून आनला?" विठ्ठलराव म्हणाला. त्याचीही नजर रुमालावरून हलेना.

"दाखला हाय माझ्याकडं!"

"मग माझ्याकडं काय लग्नपत्रिका हाय?"

दोन्ही दाखले उलगडले. सुंदररावांना वाचता येत नसे, पण कागद हातात धरायची ढब होती. ती दाखवून त्यांनी कागद शाळेच्या त्रिंबक मास्तरांकडे दिले. मास्तर नगरकडचे, इंग्रजी अंमलातले. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "प्रत क्रमांक सात. या क्रमांकाची दुसरी प्रत जगात नाही." मग दुसरा कागद घेतला. "प्रत क्रमांक सात. या क्रमांकाची दुसरी प्रत जगात नाही."

पंच दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून बघू लागले.

"एका दाव्याच्या मिसलीच्या दोन नकला निघतात की," भगवानराव चाचरत म्हणाले. "दोघांनीबी फी भरली असंल..."

"कसली फी?" मास्तर म्हणाले. "भगवानराव, अहो, नक्कल म्हणजे खोटा होन. कंपनीनं स्वतःच छापलंय तसं!"

"मास्तर, तुमी नगरचे. नकला बहुरूपी करतो. नक्कल सरकार देतं."

"मग ही बहुरूप्याची आहे."

सुंदररावांनी सुपारीचा अडकित्ता उचलला, भगवानरावांचा होन त्यात धरला आणि काठ खरवडला. सोनं पापुद्र्यासारखं निघून आलं. खाली पितळ होतं. विठ्ठलरावाचा खरवडला. तेच. भगवानरावांना वाटलं, आपल्या अंगाची साल निघतेय. पणजोबा, सरदार, थकलेले बैल, सगळे त्या पितळात जाऊन बसले होते. आणि चांद्या सटव्याच्या वस्तीवर.

"इठ्ठल, तू कितीला घेतला?" त्यांनी हळूच विचारलं.

"पंचवीस."

वर्षभरात दोघं एकमेकांशी नीट बोलले ते एवढंच.

"दोघांचाबी पुरावा खारीज," सुंदरराव म्हणाले. "दोघांचे बैल उद्या मागं उभे ऱ्हातील. फुडचं फुडं बघू."

दुसऱ्या दिवशी वेशीत सगळे बैल शिंगं रंगवून, झुली पांघरून उभे राहिले. भगवानराव सगळ्यांत मागं, एका बैलासह. शेजारी विठ्ठलराव. रांगेच्या मधोमध सटवा चांद्याला धरून होता. नवा मालक, अंग चोरून उभा. गर्दीत कोणी कोणाला पुढं हो म्हणेना. तेवढ्यात हलगी वाजली.

चांद्यानं कान टवकारले. दरसाल हलगी वाजली की आपण काय करायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दावा, पुरावा, निकाल यांतलं त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. तो निघाला. डावीकडचे बैल सरकले, उजवीकडची माणसं पळाली.

"म्या न्हाई! म्या न्हाई, मालक! ह्योच वढतोय!" कासऱ्याला लोंबकळत सटवा ओरडत होता.

चांद्यानं मान खाली घातली, वर केली, आणि तोरण तटकन तुटलं. आंब्याची पानं सटव्याच्या मुंडाशावर पडली.

हलगीवाल्याचा हात थांबला. भगवानरावांच्या तोंडून सवयीनं "शाब्बास रं!" निघून गेलं होतं, ते परत कसं घ्यावं, हे त्यांना कळेना.

शेवटी सुंदरराव खाकरले. "मान बैलासंगं. ज्याच्या दावनीला चांद्या, त्याचं तोरन. हाय का कोनाचं काई?"

कोणाचंच काही नव्हतं. वच्छलाबाई भाकर-तुकडा घेऊन चांद्यापाशी गेल्या, त्याच्या कपाळीच्या कोरीला कुंकू लावलं आणि नवऱ्याकडे न बघता परतल्या.

संध्याकाळी सटवा भगवानरावांच्या दारात आला. पायताण बाहेर काढून, हात जोडून उंबऱ्याशी उभा राहिला. चांद्या परत करायला आला असावा, असं वाटून भगवानरावांच्या जिवात जीव आला.

"मालक, लई घाबरलो. लोक म्हंत्यात, फुडल्या साली माज्याकडं पुरावा मागतील."

"मंग?"

"तवा चांद्या मला इकल्याचा कागुद लिवून द्या." सटवा घुटमळला. काल तोही चावडीखाली उभा राहून सगळं ऐकत होता. "अन् मालक, राग मानू नगा... पन असलच द्या. नक्कल नगं."

भगवानरावांनी दौत-टाक मागवला.