ठमावहिनींचं रिकामं चालणं

डॉक्टरांनी ठमावहिनींना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. ओझं उचलायचं नाही, आणि रोज सकाळी सावकाश चालायचं. पहिली गोष्ट ऐकून त्यांनी मान डोलावली. दुसरी ऐकून विचारलं, "कुटं जायाचं चालत?"

"कुठंच नाही, आजी. नुसतं रिकामं चालायचं आणि परत यायचं."

त्यावर ठमावहिनींनी नवऱ्याकडे असं बघितलं, की या डॉक्टरालाच कुणीतरी तपासायला हवं. हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवून पंधरवडाही झाला नव्हता, तरी नजरेत काही फरक पडलेला नव्हता. हे मला त्यांच्या नवऱ्यानं, धर्माजीनंच, दुकानात येऊन सांगितलं.

मी पारसमल. निरगुडसरच्या पेठेत आमचं किराणा दुकान आजोबांपासून आहे. ते राजस्थानातून आले, आम्ही इथलेच झालो. धर्माजी आणि मी शाळेत एका पोत्यावर बसायचो आणि एकाच छडीचा मार खायचो. पुढं त्यानं ऊस लावला आणि मी साखर विकली, त्यामुळं मैत्री गोड राहिली असं तो म्हणतो. हा विनोद तो गेली चाळीस वर्षं करतोय आणि दर वेळी आधी स्वतःच हसतो.

त्या दिवशी मात्र हसला नाही. गुळाच्या ढेपेशेजारी बसून राहिला. मग म्हणाला, "पारस, म्हातारी ऐकत न्हाई. सकाळी उठून बघतो तर उसाच्या वाढ्याचा भारा डोक्यावर. मी वरडलो तर म्हनती, म्हशीला काय तुमी उपाशी ठिवनार? पोरगा सुदर्शन हाय, सून हाय, समदी हायती. पन हिला वाटतं, हिनं उचललं न्हाई तर गाव बसंल."

"मग तू काय केलंस?"

"भांडलो. दुसरं काय येतं मला?" "मला भ्या वाटतं रे. ती गेली तर मी कुनाशी भांडू?"

धर्माजी असं बोलणारा माणूस नाही. मी उगाच नोकरावर ओरडलो. मग ठरलं, की मी आणि माझी बायको मंगला रोज सकाळी वरच्या रानात फिरायला जातो, तिथंच या दोघांनाही न्यायचं. चार माणसांत बाईमाणसाला ओझं उचलायला लाज वाटेल, असा माझा हिशोब होता. आयुष्यात बरेच हिशोब चुकले, पण इतका साफ चुकलेला हाच.

वरचं रान म्हणजे गावाबाहेरच्या टेकडीवर वनखात्यानं राखलेलं रान. कडुनिंब, करंज, शिरीष, कडेनं बाभळी, मधून एक पायवाट आणि तीन-चार बाकडी. फेब्रुवारीत तिथं पळस फुलतो. खाली पारगावच्या कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांवरची गाणी ऐकू येतात, पण वर आलं की ती लांबच्या लग्नातल्यासारखी वाटतात. मोर असतात. कधीकधी अवसरीच्या कॉलेजची पोरंपोरी जोडीनं येऊन अभ्यास करतात. वह्या मात्र मला दिसल्या नाहीत.

माझा मुलगा अरिहंत पुण्यात असतो. तो रोज फोनवर बजावतो, "पप्पा, रानात जाऊ नका, बिबट्या आहे." त्याला मी किती वेळा सांगितलं, बाबा रे, बिबट्या रानात नाही. बिबट्याला काय वेड लागलंय काट्यात राहायला? तो धर्माजीच्या घरामागच्या उसात राहतो, थंड सावलीत, पाट वाहतोय, कोंबड्या जवळ. रान त्यानं आम्हा म्हाताऱ्यांसाठी मोकळं सोडलंय.

पहिल्या दिवशी आम्ही चौघं निघालो. मंगला चालताना खाली बघते, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून. ठमावहिनीही खाली बघत होत्या. मला वाटलं, आमच्या मंगलेचा चांगला गुण लागला. अर्ध्या वाटेत कळलं, की त्या बाभळीच्या शेंगा शोधत होत्या. शेरडं त्या शेंगांवर जीव टाकतात. परत येताना त्यांची ओटी अशी भरली होती, की धर्माजीला त्यांच्या पुढं चालायची लाज वाटायला लागली.

"अगं, फिरायला आलोय आपन," तो म्हणाला.

"मंग फिरलेच की. ह्या काय आपोआप ओटीत आल्या?"

दुसऱ्या दिवशी मंगलेनं टेकडीच्या पायथ्याशी ठमावहिनींची झडती घेतली. कमरेला खोचलेला विळा सापडला आणि पोलक्यातून सुतळीचा गुंडा निघाला. मंगलेनं दोन्ही काढून धर्माजीकडं दिलं. बिनविळ्याचं चालणं ठमावहिनींना जमेना. सारखा एक हात डोक्याकडं जायचा, नसलेलं ओझं सावरायला. पायही सावकाश पडेनात. सावकाश चाललं तर कुणी म्हणेल हिला काम नाही, असं त्यांना वाटत असावं.

"वहिनी, जरा झाडं बघा," मी म्हणालो.

"बगितली की. ती करंजाची फांदी वाळलीय. पडंल दोन दिसांत."

म्हणजे चौघांत एकटी मंगला मुंग्या बघत होती, ठमावहिनी जळण बघत होत्या, धर्माजी ठमावहिनींना बघत होता. रान बघणारा मी एकटाच, आणि मला झाडांची नावं येत नाहीत.

त्या दिवशी बाकड्यावर बसल्यावर मंगलेनं त्यांना सरळ विचारलं. घरी गॅस आहे, सोलर आहे, गोठ्यामागं जळणाची रास पत्र्याला टेकलीय. मग हे कशासाठी?

ठमावहिनी बाकड्यावर बसल्या नव्हत्या, जमिनीवर टेकल्या होत्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मी लगीन होऊन आले तवा सासूबाईंनी पयलं ह्येच सांगितलं. रानातनं रिकाम्या हातानं घरी यायचं न्हाई. काय न्हाई तर एक काटकी आन. रिकाम्या हातानं आलेली बाई घरात पावणी ठरती, म्हनायच्या. मी कदी पावणी झाले न्हाई."

"जित्याची खोड…" मंगला बोलायला लागली आणि जीभ चावून थांबली. पुढचा शब्द त्या दिवसांत आम्ही कुणी उच्चारत नव्हतो. धर्माजी उठून उगाच लांबच्या मोराकडं बघायला गेला. तिथं मोर नव्हता.

पुढचे चार-पाच दिवस बरे गेले. म्हणजे ठमावहिनी गुपचूप पदरातून काटक्या नेत होत्या आणि आम्ही गुपचूप बघत होतो. मग एका सकाळी ती करंजाची फांदी पडली. वनखात्याचा गार्ड तिथंच उभा होता. त्यानं पुण्य लागावं तशा सुरात म्हटलं, "आजी, वाळलं-पडलं न्यायला हरकत नाही बरं का."

झालं. आम्ही तिघं नको-नको म्हणेपर्यंत फांदीची कांडकी झाली, रानवेलीनं मोळी आवळली गेली, पदराची चुंबळ झाली आणि मोळी डोक्यावर चढली. हे सगळं इतक्या सफाईनं झालं, की मला आधी कौतुकच वाटलं, राग नंतर आला.

उताराला लागल्यावर त्या थांबल्या. एक हात छातीवर गेला. मोळी खाली पडली आणि त्या वाटेतच बसल्या. चेहऱ्यावर घाम होता, आणि हवा तर गार होती.

धर्माजी धावला. त्यानं त्यांचं डोकं आपल्या खांद्याला टेकवलं, मंगलेनं डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवली. मी फोन हातात धरून उभा होतो आणि कुणाला लावायचा तेच सुचेना. सुदर्शनला लावला. काही वेळानं वहिनींचा श्वास ताळ्यावर आला. डोळे उघडून त्यांनी पहिलं वाक्य काय बोलावं?

"लाकडं टाकू नगा."

मला वाटलं, आता धर्माजी फुटणार. गावाला ऐकू जाईल इतका ओरडणार. तो ओरडला नाही. सुदर्शन मोटारसायकल घेऊन आला तेव्हा म्हणाला, "आईला दवाखान्यात घेऊन जा. मी आलोच." आणि वाकून त्यानं मोळी उचलली.

आता धर्माजी कोण ते सांगायला हवं. सत्तरी ओलांडलेला, पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, टोपी कधी तिरकी नाही. शेतातून येताना बायको भारा घेऊन मागं आणि हा मोकळे हात हलवत पुढं, हे चित्र अख्ख्या निरगुडसरनं पन्नास वर्षं बघितलेलं. तसे तर सगळ्यांच्याच घरचे पुरुष असे चालतात, पण धर्माजीचं चालणं जास्त रुबाबदार होतं.

ठमावहिनी मोटारसायकलवर बसल्या बसल्या म्हणाल्या, "आवं, ठिवा ती खाली. लोक बगतील."

"बगू दे."

"डोक्यावर तर घेऊ नगा. खांद्यावर तरी घ्या."

"तू कुटं घेत व्हतीस?"

मग त्यांचा नाइलाज झाला. त्यांनी सुदर्शनला थांबवलं, धर्माजीचा गळ्यातला टॉवेल मागून घेतला, त्याची गोल चुंबळ वळली आणि नवऱ्याच्या टोपीवर ठेवली. वाकडी होती, ती सरळ केली. "मान ताट ठिवा," म्हणाल्या. माणसाला आपली विद्या अशा वेळीही शिकवावीशी वाटते.

मोटारसायकल सुदर्शननं इतकी सावकाश चालवली, की आम्ही चौकात जवळजवळ बरोबरच पोचलो. चौकात दुधाच्या डेअरीपाशी माणसं उभी होती. धर्माजी डोक्यावर मोळी घेऊन मधून चालला. एकानं विचारलं, "आप्पा, गॅस संपला काय?" दुसरा म्हणाला, "आप्पा, राव, नवीन धंदा?" पाण्याला निघालेली साळुबाई हंडा तसाच ठेवून बघत राहिली. धर्माजी तसाच पुढं चालला. मान ताठ होती. ती ताठ ठेवण्यावाचून इलाजच नव्हता.

ठमावहिनींनी पदर डोळ्यांपर्यंत ओढला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, धोका टळला म्हणाले, पुन्हा तेच दोन नियम सांगितले. संध्याकाळी आम्ही भेटायला गेलो तर खाटेवरून ठमावहिनींनी आधी नवऱ्याची तक्रार केली.

"भावजी, काय केलं बगा ह्यांनी. उभ्या गावानं बगितलं. आता साळी म्हनंल, ठमीनं दादल्याला मोळी उचलायला लावली."

धर्माजी कोपऱ्यात बसला होता. म्हणाला, "उद्या बी उचलनार, परवा बी. तुला डॉक्टर सोडंल तवापासून रोज. तू रानातनं काय गोळा करायचं ते कर. शेंगा, काटक्या, शेन, काय बी. मी डोक्यावर घेऊन चौकातनं आननार."

"तुमाला लाज न्हाई?"

"हाय. लई हाय. पन तू न्हाईस, ह्ये मला बगायचं न्हाई."

मंगलेनं माझा हात धरला, तोही लोकांदेखत. आमच्या घरात अशी घटना पूर्वी घडलेली नाही.

आठवड्यानं डॉक्टरांनी परवानगी दिली आणि आम्ही चौघं पुन्हा रानात निघालो. पायथ्याशी मंगला झडती घ्यायला पुढं झाली, तर ठमावहिनींनी आपणहून दोन्ही हात बाजूला केले. विळा नाही, सुतळी नाही. धर्माजीनं मात्र टॉवेल गळ्यात घेतला होता, दोरीही आणली होती. गडी बोलल्याला जागणारा होता.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या मोळीनं त्याची मान धरली होती. न केलेलं काम केलं की असंच होतं. डावीकडं वळेना, उजवीकडं वळेना. वाटेत दगड आला की ठमावहिनी सांगायच्या, "पाय उचला," आणि तो उचलायचा. चढाला त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आधार कोण कुणाला देतंय ते मागून मला काही कळेना.

वाटेत बाभळीखाली शेंगांचा सडा पडला होता. ठमावहिनी थांबल्या, शेंगांकडं बघितलं, नवऱ्याच्या गळ्यातल्या टॉवेलाकडं बघितलं, आणि पुढं चालू लागल्या. ते त्यांना किती जड गेलं ते मी बघितलंय. भाऱ्यापेक्षा जड गेलं असेल.

वर पोचल्यावर त्या बाकड्यावर बसल्या. जमिनीवर नाही, बाकड्यावर, नवऱ्याशेजारी. समोर पळस पेटल्यासारखा फुलला होता.

"ह्यो कवापासनं हाय हितं?" त्यांनी विचारलं.

"आपल्या लग्नाच्या आदीपासून," धर्माजी म्हणाला.

"मला कसा दिसला न्हाई?"

"तुझी मान खाली असायची."

बराच वेळ दोघं बसून होते. मी आणि मंगला पुढच्या बाकड्यावर गेलो. कॉलेजची एक जोडी आली, जागा भरलेल्या बघून परत गेली. त्यांचा अभ्यास बुडाला, त्याला आमचा इलाज नव्हता.

येताना चौकात साळुबाई वाटच बघत असल्यासारखी उभी होती. डेअरीपाशीही माणसं होती. सगळ्यांनी आधी धर्माजीच्या डोक्याकडं बघितलं, तिथं नुसती टोपी होती. मग ठमावहिनींच्या डोक्याकडं, ओटीकडं, हातांकडं.

"काय गं ठमे," साळुबाई म्हणाली, "आज रानातनं काय न्हाई आनलं?"

ठमावहिनी थांबल्या. धर्माजीचा हात त्यांच्या खांद्यावर तसाच होता, तो त्यांनी काढला नाही.

"आनलं की. ह्यांना आनलं," त्या म्हणाल्या. "चुलीत घालायच्या कामाचं न्हाई, पन ऱ्हाऊ दे घरात."

डेअरीपाशी सगळे हसले. धर्माजीला बायकोकडं बघायचं होतं आणि मान काही वळेना. म्हणून तो अख्खा वळला, आणि भर चौकात तिच्याकडं बघत उभा राहिला.