दोन तोंडांचा सॅलॅमँडर

सोलापुरी चादरीवर मोर काढण्यात माझा जन्म गेला. आम्हा डिझाइनवाल्यांची एक सोयीची रीत आहे: मोर एकच काढायचा, त्याच्यासमोरचा दुसरा मोर यंत्रमाग तीच नक्षी उलटवून आपोआप विणतो. अर्ध्या कष्टात पूर्ण चादर. एवढ्या जोरावर शुक्रवार पेठेत लोक मला कलाकार म्हणतात आणि मीही त्यांना अडवत नाही.

माझी मुलगी आरजू जीवाश्मांचा अभ्यास करते. कॉलेजात तिचं पहिलं जाहीर व्याख्यान होतं, लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या एका भल्यामोठ्या सॅलॅमँडरवर. हा प्राणी दिसायला पालीसारखा, पण गोत बेडकाचं.

"अब्बा, मंचामागं लावायला त्याच्या सांगाड्याची चादर करून द्या की," ती म्हणाली.

पोरीनं पहिल्यांदाच माझ्या कामातलं काही मागितलं होतं. मी छाती फुगवून बसलो. डोकं, फासळ्या, पुढचे पाय, एकेक हाड निगुतीनं काढलं. अर्ध्यावर आलो आणि हात सवयीनं थांबला.

चादर विणून आली ती थेट व्याख्यानाच्या सकाळी. आरजूनं ती पलंगावर पसरली.

"अब्बा, याला दोन तोंडं आलीत! शेपूट कुठंय?"

"एक तोंड मागं दुमडून टाक," मी जाणकाराच्या थाटात म्हणालो.

"आणि शेपूट काय बाजारातून आणू?"

तिनं चादर पिशवीत कोंबली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जाणारच नव्हतो, पण बायकोनं, सुगराबीनं, दंडाला धरून नेलं. शेवटच्या रांगेत एका जाड गृहस्थामागं मी दडून बसलो.

मंचामागं चादर टांगली होती, दोन्ही तोंडांसकट. लोक खुसखुसत होते. आरजूनं माइक घेतला.

"तीनशे वर्षांपूर्वी युरोपात एका मोठ्या विद्वानानं हा सांगाडा महापुरात बुडालेल्या माणसाचा ठरवला. मनात जे होतं, तेच त्याला दिसलं. ती चूक उमगायला कित्येक वर्षं गेली. ही चादर माझ्या अब्बांनी काढलीय. त्यांची चूक आम्हाला सकाळच्या चहाआधीच कळली. जन्मभर मोर काढलेत त्यांनी. त्या मोरांवरच मी शिकले. अब्बा, उभे राहा की."

जाड गृहस्थ नेमके बाजूला सरकले. मी उभा राहिलो. सगळे हसत होते, टाळ्या वाजवत होते, आणि मी खिशात रुमाल चाचपत होतो. सुगराबीनं ओढणीचं टोक पुढं केलं, पण ते आधीच ओलं होतं.