मुंबईच्या पेटीतला जलमहाल

मी एक जुनी चित्रांची पेटी आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू सहसा गोड बोलतात. कुणी मला घडवलं, कुणी मला पुसलं, असं म्हणत डोळे टिपतात. माझ्याकडून ती अपेक्षा करू नका. माझ्या मनात माणसांविषयी राग आहे, तो अकरा वर्षं मुरलेला आहे, आणि तो कशाचा, एवढंच सांगायला मी तोंड उघडलं आहे.

माझा जन्म सावंतवाडीचा, सन एकोणीसशे त्रेपन्नचा. एका चिताऱ्याने फणसाच्या फळ्या जोडून मला उभी केली, अंगाला लाल रंग फासला, पुढच्या बाजूला चार भोकं पाडून त्यांत भिंगं बसवली. माझ्या पोटात दोन रूळ आहेत. रुळांवर लांबलचक कापड गुंडाळलेलं, कापडावर ओळीने बारा चित्रं चिकटवलेली. बाजूची कडी फिरवली की एक चित्र सरकून दुसरं समोर येतं. डोक्यावर काळा पडदा घ्यायचा, भिंगाला डोळा लावायचा आणि मुंबई बघायची. लोक मला मुंबईची पेटी म्हणत.

माझा मालक नांदगावचा गंगाराम. या गृहस्थाने फोंडाघाटाच्या पलीकडचं जग पाहिलेलं नव्हतं, आणि मुंबई तर स्वप्नातसुद्धा नाही. पण जत्रेत मला तिवईवर ठेवून घंटा वाजवायला लागला की ऐकणाऱ्याला वाटे, हा चौपाटीवरच लहानाचा मोठा झाला. “मुंबय बघा, मुंबय! बोटीत बसा नको, उलटी करा नको! राणीच्या बागेतलो वाघ बघा, तो चावणा नाय!” अपोलो बंदर, घारापुरीची लेणी, मत्स्यालयातलं कासव, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट. प्रत्येक चित्राला त्याच्याकडे एक आरोळी तयार होती.

बाराव्या जागी राजाबाई टॉवर होता. पहिल्याच वर्षी वाळवीने त्याचा फडशा पाडला. कापडावर मोकळी जागा दिसायला लागली तसा गंगाराम मला घेऊन त्या चिताऱ्याकडे गेला. “हयसर काय तरी झकास काढून दी,” म्हणाला. चितारी मुंबईला गेलेला नव्हता, पण रंगाची त्याला कमतरता नव्हती. त्याने भर समुद्रात सात मजल्यांचा एक महाल काढला. वर मोर बसवले, पायऱ्यांवर दोन हत्ती उभे केले. हत्ती तिथवर पोहत गेले की होडीत बसून, हे विचारायचं गंगारामला सुचलं नाही. त्याने चित्राचं नाव ठेवलं, लाटसाहेबाचा जलमहाल.

मला वाटलं होतं, हे सोंग आठ दिवसांत उघडं पडेल. आमच्या भागात घरटी एक माणूस मुंबईला चाकरीला आहे. चाकरमानी जत्रेला येणार, माझ्या भिंगाला डोळा लावणार आणि गंगारामचा कान पिळणार. तो दिवस यावा म्हणून मी अक्षरशः वाट पाहत होते.

चाकरमानी आले. पांढरे सदरे, केसांना तेल, खिशाला पेन. पडद्याखाली वाकले, बाराही चित्रं पाहिली. बाहेर येताच घरच्यांनी विचारलं, “काय रे, जलमहाल बघलंस?” आणि मित्रांनो, प्रत्येकाने मान हलवली. एकूण एकाने! कुणी म्हणाला लांबून पाहिला, कुणी म्हणाला आत जाऊन आलो. आधी मला ते नुसते थापाडे वाटले. मग पडद्याखाली त्यांचा श्वास ऐकून ऐकून मला कळलं. या माणसांनी मुंबईत काहीच पाहिलेलं नव्हतं. कामाची पाळी, खोली आणि पुन्हा पाळी, यात त्यांची वर्षं गेली होती. राणीची बाग कुठल्या रस्त्याला आहे हेही त्यांतल्या निम्म्यांना सांगता आलं नसतं. पण गावाला ते कसं कळावं? मुंबईत राहतो त्याने मुंबई पाहिलेलीच असणार, असं इथे सगळे धरून चालतात. तेव्हा अकरा चित्रांना मान हलवणारा बाराव्याला तरी कशाला अडेल? मला त्यांची कीव यायची. कीव आणि संताप, दोन्ही.

अठ्ठावन्न साली मिठबावच्या जत्रेत ते घडलं.

मिठबावचा परशुराम हा आंब्या-माडांचा धनी, शब्दाला पक्का आणि हट्टाला त्याहून पक्का. त्याच्या मुलीचं, आनंदीचं लग्न ठरलं होतं. मुलगा शेजारच्या गावचा, गुरुदास नावाचा, मुंबईत नोकरीला. जत्रेच्या निमित्ताने तो बोटीने देवगडला उतरून आला होता, आणि होणाऱ्या सासऱ्याने चारचौघांत मिरवायला म्हणून त्याला माझ्यापुढे आणून उभा केला. परशुरामाचा पुतण्या भाई सोबत होता. हा भाई मुंबईत गिरणीत होता आणि दोन वर्षं घरी जलमहालाच्या आतल्या गोष्टी रंगवून सांगत होता. आनंदी चार पावलं मागे, बायकांच्या घोळक्यात उभी होती. लाजत होती, पण नजर इकडेच होती.

गुरुदास पडद्याखाली आला. त्याच्या हातांना डांबराचा आणि समुद्राचा वास होता. अपोलो बंदराच्या चित्रापाशी तो खुदकन हसला आणि पुटपुटला, “हो माजो धक्को.” तेव्हाच मी ओळखलं, इतक्या वर्षांत मुंबई खरोखर पाहिलेला हा पहिला माणूस. बारावं चित्र आलं. तो थांबला. पडदा बाजूला करून बाहेर आला आणि अगदी सरळपणे म्हणाला, “गंगारामकाकानु, ह्यो महाल खंयचो? मुंबयत असलो महाल नाय.”

रांग मोडून लोक जवळ आले.

“नाय कसो?” परशुरामाने विचारलं. “आमचो भाई आत जावन इलोहा.”

“काका, मी अपोलो बंदरावरच कामाक आसंय. रोज लोकांका लाँचीत बसवन घारापुरी दाखवक नेतंय. सात वर्सा झाली. दर्यातलो खडक न खडक माका म्हायत आसा. महाल नाय.”

सगळ्यांनी भाईकडे पाहिलं. त्या क्षणी त्याने हसून ‘मी आपली गंमत केली’ एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? घटकाभर चेष्टा झाली असती आणि लोक गोड खाजं घ्यायला गेले असते. पण दोन वर्षांचा खोटेपणा गिळायला छाती लागते. तो म्हणाला, “मी दोनदा जावन इलंय. आत मानसाच्या उंचीचे आरशे आसत. ह्येका म्हायत नाय म्हणजे हो मुंबयक गेलोच नाय.”

गर्दीतल्या आणखी दोघा चाकरमान्यांनी लगेच माना डोलावल्या. ज्यांनी आधी होय म्हटलं होतं, त्यांना आता नाही म्हणण्याची सोय नव्हती.

गुरुदासने परोपरीने सांगितलं. बंदराच्या पायऱ्या किती, कुठल्या पायरीवर शेवाळ असतं, भरतीला पाणी कुठवर चढतं, सगळं विचारा म्हणाला. पण त्याचं उत्तर बरोबर की चूक, हे ठरवणार कोण? ते पाहिलेला दुसरा माणूस तिथे नव्हता. शेवटी त्याने खिशातून लाँचवरच्या कामाचा पितळी बिल्ला काढून दाखवला. भाई म्हणाला, “असले बिल्ले चोरबाजारात ढिगान मिळतत.” लोक हसले. तो बिल्ला चोरबाजारातून घ्यायलासुद्धा मुंबईलाच जावं लागतं, हे त्या एवढ्या शहाण्यांतल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही!

मग गुरुदास गंगारामकडे वळला. “काकानु, तुमीच सांगा. ह्या चित्र तुमी खंयसून हाडलास?”

गंगारामने माझ्या कडीवर हात ठेवला होता. त्याने समोरची रांग पाहिली. हातात हात धरून उभी असलेली पोरं, उभ्या उभ्या कंटाळलेल्या म्हाताऱ्या, सगळे जलमहालासाठी थांबलेले. आणि तो म्हणाला, “चित्र मुंबयसूनच इलाहा.”

मी लाकूड आहे. मला ओरडता येत नाही. ते येत असतं तर त्या दिवशी मिठबावच्या माडांवरचे कावळे उडाले असते.

परशुरामाने तिथेच, देवळासमोर, सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं. “सात वर्सा मुंबयक आसंय म्हणता आणि जलमहाल म्हायत नाय! रत्नागिरीत खंय तरी भांडी घासत रवलंस आसतलंस. माजा चेडू तुका देवचंय नाय.” कुणीतरी गुरुदासला मागून ढकललं. त्याची टोपी पडली, तिच्यावर दोघातिघांचे पाय पडले. त्याने ती उचलून झटकली आणि एकदाच आनंदीकडे पाहिलं. ती खाली मान घालून उभी राहिली. तो निघून गेला.

यापुढचं मला जास्त लागलं. आपल्या खोट्यापायी एक लग्न मोडलं, तर गंगारामने निदान ते चित्र फाडून टाकायचं! पण त्याने काय करावं? ते चित्रच आता गाजायला लागलं, तसा हा पुढच्या जत्रेपासून नवीच आरोळी देऊ लागला. “गुरुदासाक दिसूक नाय तो जलमहाल तुमी बघा!” लोक पोट धरून हसत. फोंडाघाटच्या बाजारात माझ्यापुढे तीन तीन रांगा लागल्या. माझ्या भिंगांना पितळी चौकटी आल्या, अंगाला नवा रंग आला. मित्रांनो, माझ्या वैभवाचा काळ विचाराल तर तो हाच, आणि मला त्याची शिसारी आहे.

आनंदीचं लग्न दुसऱ्या एका चाकरमान्याशी झालं. त्रेसष्टच्या जत्रेला ती माहेरी आली होती. अंगाने भरली होती, हातात देवीला वाहायचा नारळ होता. रांगेत न थांबता ती सरळ गंगारामसमोर येऊन उभी राहिली.

“काकानु, मी मुंबय बघून इलंय,” ती म्हणाली. “घोवाच्या पाठी लागान घारापुरीक गेलंय. जाताना बघलंय, येताना बघलंय. खडक आसत, आगबोटी आसत. महाल नाय.”

गंगारामने घंटा खाली ठेवली.

“बापाशीक सांगलंय, तर म्हणता, महाल पाडलो आसतलो. तुमी काय म्हणतास?”

गंगाराम खांद्यावरच्या पंचाने माझी कडी पुसायला लागला.

“लाँचीत चढताना गुरुदासानच माका हात दिल्यान. ‘जपान चढा’ म्हटल्यान. सगळ्यांकाच म्हणता तसा. माज्या तोंडाकडे बघल्यान नाय.” तिचा आवाज चढत गेला. “त्या दिसा एक सबद बोलाक तुमचा काय जायत होता? आणि माजा काय जायत होता? माका तेचा खरा वाटला होता. तरी मी मान खाली घालून रवलंय!”

तिने दोन्ही हातांनी नारळ उचलला आणि माझ्यावर घातला. नारळ शाबूत राहिला, माझं एक भिंग मात्र फुटून आत पडलं. दुसरं कुणी असतं तर मी शिव्या मोजल्या असत्या. तिचा घाव मला योग्य वाटला. ती तोच नारळ काखेत धरून, देवळात न जाता, आल्या वाटेने परत गेली.

गंगारामने त्या भोकावर पत्रा ठोकला आणि उरलेल्या तीन भिंगांवर धंदा चालू ठेवला. जलमहालासकट. पुढे तंबूतला सिनेमा आला, लोकांना हलती चित्रं दिसायला लागली आणि माझ्याकडे कुणी फिरकेनासं झालं. आज मी गंगारामच्या माळ्यावर आहे. त्याची सून सुशीला माझ्या पोटात वाळवलेली आमसुलं ठेवते. मला दुर्लक्षाचं दुःख नाही. माझ्याकडे लोक बघत होते तेव्हा काय भलं झालं?

तर मित्रांनो, इथे मी ‘मला जपा’ असं म्हणायला हवं. मी म्हणणार नाही. मला रंग देऊ नका, भिंग बसवू नका. तुमच्या घरी कुणी मुंबईहून येईल तेव्हा एवढं करा. त्याने काय काय पाहिलं ते विचारायच्या आधी त्याला बसायला पाट द्या, पाणी द्या. काही पाहिलं नाही म्हणाला तर हसू नका. आणि भरल्या जत्रेत एखादा एकटा उठून ‘हे खोटं आहे’ म्हणाला आणि मनातून तुम्हाला त्याचं पटलं, तर तेव्हाच, तिथेच, त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. पाच वर्षांनी नारळ घेऊन आलात तर फुटायला माझ्यासारखी पेटीच सापडेल. तो माणूस तोवर परक्यासारखा हात देऊन पुढच्या उतारूकडे वळलेला असेल.