निळ्या कोटाला लागलेली कात्री

मित्रांनो, शिवणाच्या टेबलावर मला पाहिलंत, तर आधी माझ्या मुठीकडे बघा. अंगठ्याच्या जागी तिचा काळा रंग पार झिजून गेला आहे. शिंप्याची जुनी कात्री ती मीच. वजनाने भारी आहे आणि स्वभावानेही. जन्मभर कापत आल्यामुळे माझं बोलणं जरा तोडूनच असतं, तेवढं गोड मानून घ्या.

भट्टी, घण, पाणी आणि पुन्हा भट्टी, असं माझं बालपण गेलं. दोन पाती एका खिळ्यात अडकली तेव्हा मला आवाज फुटला. तिथून मी एका शिंप्याच्या हाती आले. गिऱ्हाईक त्यांना मास्टर म्हणत. एरवी हा माणूस इतका मवाळ, की शेजारच्या दुकानदाराने पायरी अडवली तरी चकार शब्द काढायचा नाही. पण कुणी मला कागद कापायला उचललं, की त्यांचं डोकं फिरायचं. "ती कापडाची आहे! ठेव खाली!" मग मला फडक्याने पुसून, तेलाचं बोट लावून ते जागेवर ठेवायचे. शेजारी काजं-बटणं करत बसलेल्या काकू, म्हणजे त्यांची बायको, गालातल्या गालात हसायच्या. "माझ्यावर कधी इतकं लक्ष दिलं नाहीत," असंही म्हणायच्या. मी तेव्हा भलतीच फुशारून जायचे.

मग मास्टर गेले. दुकान विकलं गेलं आणि मी स्वयंपाकघरातल्या खणात पडले. माझ्याकडून सुतळी कापून घेतली, दुधाच्या पिशव्या कापून घेतल्या, एकदा तर पत्र्याचा डबासुद्धा उघडून घेतला. खिळ्यापाशी गंज धरला. काकूंचं माझ्याहून बरं चाललं होतं असं नाही. घर त्यांना खायला उठायचं. उभ्या उभ्या दोन घास खायच्या आणि खिडकीशी बसून राहायच्या.

खालच्या मजल्यावर एका संस्थेत काम करणाऱ्या ताई राहत. काही मुलांचे आईवडील आजारपणाने किंवा आणखी कशाने त्यांना सांभाळू शकत नाहीत. अशा मुलांना काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवतात. ताईंची संस्था ती व्यवस्था पाहायची. एके दिवशी त्या जिन्यातच काकूंना म्हणाल्या, "काकू, मुलं आमच्याकडे अंगावरच्या कपड्यांनिशी येतात हो. कुणाच्या विजारी आखूड, कुणाच्या गळ्यातून खांदा बाहेर. तुमच्या हातात कला आहे. आठवड्यातून एक दुपार द्याल?"

काकूंनी मला धार लावून आणली. किती दिवसांनी मला स्वतःचाच आवाज ओळखू आला!

संस्थेच्या खोलीत एक लांब टेबल होतं, दोन शिलाई मशिनी होत्या आणि लोकांनी दिलेल्या कपड्यांचे खोके छतापर्यंत रचलेले होते. एक निवृत्त टपालवाले आजोबा इस्त्री करायचे, बाकीच्या बायका उसवायच्या, शिवायच्या. पैसा कुणालाच मिळत नव्हता. मुलं प्लास्टिकच्या पिशव्यांत आपला सगळा संसार घेऊन येत आणि टेबलाकडे बघत दाराशीच उभी राहत. कुणी फारसं बोलत नसे. मला त्या शांततेची कधी सवय झाली नाही.

त्यांच्यातच एक होती मुंगी. हे तिचं लाडाचं नाव. आवाज न करता यायची आणि स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत न्यायची. तिच्या अंगात सदानकदा एक निळा लोकरी कोट असे. बाह्या बोटांच्या खाली लोंबायच्या, घेर घोट्यांपर्यंत. उन्हातसुद्धा काढायची नाही; शाळेत गणवेश लागे, तेवढ्यापुरताच तो घरी राहायचा. ज्या घरी ती राहत होती, तिथल्या बाईंना ती मावशी म्हणे. मावशी मनाने फार चांगल्या. त्या एकदा मुंगी शाळेत असताना तो कोट घेऊन आल्या.

"काकू, याचं काहीतरी करा. पायात येऊन पोरगी जिन्यावरून पडली, हनुवटी फुटली. आईने घेऊन दिलाय, तेव्हा टाकवत नाही. तिला न सांगता मापाचा करून द्या. खूश होईल."

काकूंनी त्या कोटात जीव ओतला. बाह्या उतरवल्या, कुशी आत घेतल्या, घेर उचलला. मुलांच्या कपड्यात माया सोडायची, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवायचं, ही मास्टरांच्या दुकानातली रीत त्यांना पाठ होती. पण कापड जाड होतं. आत दुमडलं की शिवण फुगायची. काकूंना ती फुगीर शिवण बघवेना. "परक्याच्या उतरलेल्यासारखा नको दिसायला. नवा शिवल्यासारखा दिसू दे," असं पुटपुटत त्यांनी मला उचललं आणि जास्तीचं कापड कापून टाकलं. ते तुकडे उशीत भरायच्या चिंध्यांबरोबर गेले.

संध्याकाळी मुंगीने कोट घातला. बाहीतून तिची बोटं बाहेर आली. ती बोटांकडे बघतच राहिली. मग आरशापुढे धावली आणि ओरडली, "बसला! मावशी, बसला मला!" त्या खोलीत आम्ही तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. आजोबांनी इस्त्री बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. काकूंचा ऊर भरून आला.

पुढच्या आठवड्यात मावशी आल्या त्या रडतच.

"दारात बसून असते हो. कोट घालून, पिशवी भरून. जेवायला बोलावलं तर म्हणते, आता जेवत नाही, आई येईल. काल खूप विचारलं तेव्हा सांगितलं. आई निरोप घेताना म्हणाली होती, हा कोट तुला बरोबर बसायला लागला, की मी तुला न्यायला येईन."

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "आई बरी नाही, काकू. भेटीलाही येत नाही. कधी येईल, येईल की नाही, मला सांगता येणार नाही."

मित्रांनो, मी पोलाद आहे. मला रडता येत नाही, याचं मला त्या दिवशी बरं वाटलं.

काकू मला आणि शिवणाची पिशवी घेऊन मावशींच्या घरी गेल्या. मुंगी दारात होती. काकू तिच्याशेजारी पायरीवर बसल्या.

"मुंगे, तुझी आई खोटं नाही बोलली. तू अजून कोटाएवढी झालीच नाहीस. मी कोट लहान केला. तुला विचारलं नाही. माझं चुकलं."

 मुंगीने बाही नाकाशी धरली. मग म्हणाली, "मग परत मोठा कर."

कापलेलं कापड कुठून आणणार? काकू घरी गेल्या आणि कपाटातून मास्टरांचा तपकिरी कोट काढला. तो त्यांनी कुणालाही दिला नव्हता. थंडीत नुसता खांद्यावर घेऊन बसायच्या. त्या कोटाला मला लावताना त्यांची कापाची रेघ वाकडी गेली. माझ्या धन्याच्या पाठीवरचं ते कापड कापणं माझ्या फार जिवावर आलं. निळ्या बाह्यांना तपकिरी पट्ट्या लागल्या, घेराला लागल्या, कुशींतही लागल्या. कोट विचित्र दिसायला लागला. मावशींच्या दारातच मुंगीने तो घातला, बोटं दिसत नाहीत हे तपासलं, आणि उठून जेवायला गेली.

तिची आई आली नाही. मुंगी मात्र वाढत राहिली. तिचं घर दोनदा बदललं. आता ती काकूंच्या खांद्याला लागते. परवा ती एकटीच खोलीवर आली, कोट अंगात होता. बाहीची कड नेमकी मनगटावर टेकली होती. घेरही बरोबर गुडघ्यावर होता.

तिने कोट काढला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि काकूंकडे न बघता म्हणाली, "काकू, अजून थोडा मोठा होईल का? आईला अजून जरा वेळ लागणार आहे."

 काकूंनी उरलेला तपकिरी कोट पुढे ओढला, त्यावर खडूने रेघ मारली आणि मला उचललं.

मित्रांनो, उद्या तुम्हीही अशा एखाद्या खोलीत मदतीला जाल, जरूर जा. तिथे हातांची फार गरज आहे. पण ढगळ कपड्यातलं एखादं मूल समोर आलं, तर माझ्याकडे हात नेण्याआधी त्याच्या शेजारी बसा. हा इतका मोठा कशासाठी आहे, हे त्यालाच विचारा, आणि ते बोलेपर्यंत मला टेबलावर पडून राहू द्या.