मिक्सर परत आल्यावर

तुम्ही आमचा सिनेमा पाहिलाच नाहीत. न बघता नापास केलात, आणि वर शहाणपण शिकवलंत.

तुमच्या थिएटरमधून आलेला तुमचा निरोप समोर आहे: "नायिका शेवटी तरी नवऱ्याशी बोलू दे. मग अंधेरीत एक शो देता येईल."

सिनेमा अक्षताचा, संवाद माझे. राधाचा नवरा तिला न विचारता तिचा मिक्सर आपल्या बहिणीला देऊन टाकतो. राधा त्याच्याशी बोलणं बंद करते. "जेवण वाढलंय म्हणावं," असं भिंतीला सांगते. बंदूक नाही, नाच नाही. एक बाई आणि तिचा हट्ट. असल्या सिनेमावर माझा जीव आहे.

अक्षता मात्र खचली. "अरे, शेवटी बोलते ना ती! म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. मिठी मारून रडते, असं परत शूट करूया."

"वाट लावशील. आधी माणसांना दाखव."

रविवारी जोगेश्वरीत आमच्या चाळीच्या हॉलमध्ये पडदा म्हणून चादर बांधली. राधा भिंतीशी बोलायला लागली तशा बायका खुसखुसल्या. शेजारच्या प्रेमाकाकी तर पडद्यावरच्या नवऱ्यावरच खेकसल्या, "मेल्या, हसतोस काय? मिक्सर घेऊन ये आधी!"

"एका मिक्सरसाठी एवढं?" त्यांचे यजमान चंद्रप्रकाशकाका पुटपुटले.

"तुमची स्कूटर देऊ माझ्या भावाला? न विचारता?"

काकांनी खिशातली स्कूटरची किल्ली चाचपली.

शेवटचा सीन आला. नवरा मिक्सर परत आणतो. राधा ओलं खोबरं घालून तो सुरू करते, आणि नेमका तेव्हाच नवरा माफी मागतो. घरघरीत एक शब्द ऐकू येत नाही. राधा बटण बंद करते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याकडे बघते.

"काय म्हणालात? परत सांगा."

संपला सिनेमा.

प्रेमाकाकींनी मांडीवर थाप मारली, "झकास, बाई!" आणि टाळ्यांचा कडकडाट. त्या गोंगाटात काका हळूच म्हणाले, "स्कूटर देऊ नकोस हां."

अक्षता हसत माझ्याकडे वळली. डोळे ओले. "मिठी गेली खड्ड्यात. एक फ्रेम बदलणार नाही."

तर साहेब, राधा शेवटी बोलते. आमच्या चाळीला ऐकू आलं, तुम्हालाच कसं नाही आलं? कुठपर्यंत पाहिलात सिनेमा?

मिक्सर बंद आहे. बोला.