माझ्या पोटातला पारा आणि वर्षालीच्या ताटातली मुशी

मी एक जुना, काचेचा थर्मामीटर आहे. अमरावतीच्या राजापेठेत भाजी विकणाऱ्या गंगूबाईंच्या घरी, हळदीच्या डब्यामागे माझा मुक्काम असे. एकदा मे महिन्यात मला कोणी खिडकीत विसरलं, तेव्हा मी साक्षात सूर्याचा ताप मोजला. एकशे आठ! बिचारा तीन दिवस ढगांची गोधडी घेऊन पडला होता. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा.

पण मित्रांनो, आता पुढचं ऐका.

गंगूबाईंची सून वर्षाली पोटुशी राहिली आणि तिला माशांचे डोहाळे लागले. तिचा नवरा सागर भाजीची गाडी घेऊन अकोल्याला जायचा, येताना बर्फातली मुशी आणायचा. मुशी म्हणजे समुद्रातला शार्क. नदीचा मासा गंगूबाईंना हलका वाटे. "आपल्या वऱ्हाडात समुद्र कुठी हाय? खाय पोरी! मोठ्या माशानं लेकराचं डोकं मोठं होते," म्हणत त्या वाढत. असे सहा रविवार गेले.

सातव्या रविवारी वर्षालीचं अंग जरा गरम लागलं. शेजारच्या नर्स संध्याताईंनी मला तिच्या काखेत धरलं. ताप नव्हता. पण ताईंची नजर कढईवर गेली.

"मावशी, हे काय शिजवून राहिल्या?"

"मुशी. काहून, तुमाले पायजे का? बसा, वाढते."

ताईंनी मला उजेडात धरलं. "यातला पारा सुनेले चाटाले द्यान का?"

"काहीच्या काही बोलता बाई!"

"कोळशाच्या धुरातला पारा पाण्यात उतरते, तिथं रूप बदलून अजून वंगाळ होते. लहान माशाले मोठा खाते, मोठ्याले मुशी, अन् समदा पारा तिच्यात साचते. धुतल्यानं जात नाही, तळल्यानं जात नाही. आईच्या रक्तातून थेट लेकराच्या मेंदूत!"

गंगूबाईंचा पळा कढईतच राहिला. "म्हणजे म्याच चारलं?"

वर्षालीनं दोन्ही हात पोटावर ठेवले. झटकल्याशिवाय कधी न उतरणारा माझा पारा तेव्हा आपोआप खाली आला.

"मुशी आजपासून बंद," ताई म्हणाल्या. "पण मासे सोडू नका, लेकराले लागतात. रोहू द्या, लहान मासे द्या. उद्या दवाखान्यात दाखवू."

"अन् हा फुटला तर?" सागरनं माझ्याकडं बोट केलं. मी घाबरलो, पण पोरगं खरं तेच बोलत होतं. ताईंनी मला कापसात गुंडाळून झाकणाच्या डबीत घातलं आणि दवाखान्याच्या कपाटात नेऊन ठेवलं.

डॉक्टर म्हणतात, बाळाची वाढ नीट आहे. मेंदूचं मात्र आत्ताच सांगता येत नाही. मित्रांनो, सूर्याची गोष्ट थाप होती, ही नाही. तुमच्या घरी कोणी पोटुशी असेल तर तिला मासा जरूर वाढा, पण त्याच्या मोठेपणाला भुलू नका.

गंगूबाई दर तपासणीला सुनेसोबत येतात. मुलगा की मुलगी, विचारत नाहीत. डबीतून मला त्यांचं एकच बोलणं ऐकू येतं,

"ताई, ते लेकरू मले आजी म्हणून हाक मारीन ना?"